खरपूसपणा नेमका कुठे हवा

मटण आधी मोठ्या आचेवर चांगलं परतून घेतलं की त्याचा रस आत कोंडला जातो, असं मी स्वयंपाकाच्या वर्गात कित्येक वर्षं शिकवत होते. हे वाक्य माझ्या छापील टिपणांत होतं, आणि वर्गाला येणाऱ्या मुली ते वहीत उतरवून खाली रेघ मारून घेत. वाक्य चुकीचं आहे. खरं तर तव्यावरचा तुकडा ते रोज सांगत होता. तव्यात पडल्यापासून उचलेपर्यंत तो चुरचुरत राहतो. ती चुरचुर म्हणजे आतलं पाणी बाहेर येऊन त्याची वाफ होतेय, त्याचा आवाज. रस खरोखर कोंडला गेला असता तर तवा गप्प झाला असता. मी त्या आवाजाला भुलत होते, त्याचा अर्थ लावत नव्हते.

हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात मी हे शिकले. शिकवणाऱ्यांचा दोष मला काढायचा नाही, कारण जगभरच्या स्वयंपाकघरांत तेच सांगितलं जात होतं. या समजुतीचं मूळ सापडतं ते युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडे. १८४७ साली त्यानं अन्नाच्या रसायनावर लिहिताना मांडलं की, मांस उकळत्या पाण्यात टाकलं तर बाहेरच्या थरातली प्रथिनं लगेच गोठतात आणि आतल्या रसाला बाहेर पडायला वाट राहत नाही. तो बोलत होता पाण्यात शिजवण्याबद्दल. आचाऱ्यांनी ते तव्याला आणि भट्टीला लावलं. फ्रेंच स्वयंपाकाचा मोठा आचार्य ऑग्युस्त एस्कॉफिए याच्या १९०३ च्या ग्रंथातही तोच विचार आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत लोकांनी मांस तोलून पाहिलं आणि आधी भाजलेल्या मांसाचं वजन काही कमी घटत नाही हे दाखवलं. हॅरॉल्ड मॅकगीनं १९८४ च्या आपल्या पुस्तकात हे सगळं नीट मांडलं. म्हणजे मी टिपणं छापली तेव्हा चूक दुरुस्त होऊन बराच काळ लोटला होता. मी शोधलं नाही, एवढंच.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कोंडला जातो हे कळतं कसं?" मी तिला उत्तर दिलं, पण त्या उत्तरात दम नव्हता, आणि ते तिलाही कळलं होतं. पुढच्या वेळी मांडीचे सारख्या वजनाचे दोन तुकडे घेतले. एक आधी बिडाच्या तव्यावर चारी अंगांनी लाल करून मग ओव्हनमध्ये ठेवला, दुसरा तसाच ठेवला. आतलं तापमान थर्मामीटरनं मोजून दोन्ही एकाच टप्प्यावर बाहेर काढले आणि वजनकाट्यावर ठेवले. भाजलेल्याचं वजन किंचित जास्तच उतरलं होतं. पण दोन्ही चाखल्यावर सगळ्यांनी बोट दाखवलं ते भाजलेल्याकडेच.

खरा मुद्दा तिथे होता. भाजल्यानं रस टिकत नाही, चव तयार होते. मांसातली प्रथिनं आणि शर्करा तापल्यावर एकमेकांशी जुळतात, तुटतात, पुन्हा जुळतात आणि त्यातून शेकडो नवे गंध जन्माला येतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच संशोधकानं १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, तव्यावरची सुरमई या सगळ्यांचा खमंगपणा तिच्यातून येतो. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे ती जोरात चालते. आणि जोवर तुकड्याच्या अंगावर पाणी आहे तोवर तो पृष्ठभाग १०० अंशांच्या वर चढतच नाही. हे एवढं एकच कळलं असतं तरी माझ्या बहुतेक चुका टळल्या असत्या.

त्यातली एक मला आजही बोचते, कारण तिचा भुर्दंड दुसऱ्याला बसला. एका घरच्या समारंभासाठी सुक्या मटणाची ऑर्डर होती. मटण फ्रिजमधून काढलं, धुतलं, आणि घाईत निथळूही न देता सगळं एकदम मोठ्या पातेल्यात ओतलं. क्षणभर जोराचा आवाज झाला आणि मग तो बसला. तुकडे करडे पडले. बघता बघता पातेल्यात पाणी भरलं. मी गॅस मोठा केला, उलथन्यानं ढवळत राहिले, अजून ढवळलं. पाणी आटलं तेव्हा मटण फिकं आणि चिवट झालं होतं. मसाल्यानं रंग आला, पण त्या मटणाला अंगची चव नव्हती. दुसऱ्या दिवशी मी मटणवाल्याकडे जाऊन, म्हातारं बोकड गळ्यात मारलंत, पाणी सोडणारं मटण दिलंत, असं चार गिऱ्हाइकांदेखत सुनावलं आणि दुकान बदललं.

हिशोब साधा आहे. कच्च्या मांसात ७० ते ७५ टक्के पाणी असतं. खोलीतल्या तापमानाचं पाणी उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, त्याच्या साधारण सातपट उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ व्हायला लागते. गार, ओले, एकमेकांना चिकटून बसलेले तुकडे तापलेल्या भांड्यातली सगळी ऊब आल्या आल्या खाऊन टाकतात. मग निघालेल्या वाफेला वर जायला फटी राहत नाहीत, ती तिथेच पाणी होऊन बसते. नावाला परतणं चालू होतं, प्रत्यक्षात मी मटण उकडत होते. यात त्या माणसाच्या बोकडाचा काय संबंध? बऱ्याच काळानं मी त्याच्याकडे गेले आणि चूक माझी होती असं सांगितलं. तो म्हणाला, "वैनी, त्या दिवशीचं बोकड कोवळं होतं." एवढंच बोलून त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाचं मटण तोलायला घेतलं. ज्या गिऱ्हाइकांसमोर मी बोलले होते त्यांच्यापर्यंत माझी माफी काही पोचली नाही.

त्या दिवशी स्वयंपाकघरात आमच्या मावशी होत्या. मावशी कागलकडच्या. वर्गाच्या दिवशी चिराचिरी, वाटणघाटण आणि भांडी त्या बघत, मोठी ऑर्डर असली की थांबत. मटण पातेल्यात पडायच्या आधी त्या म्हणाल्या होत्या, "ताई, चाळणीत निथळू दे की जरा." मी म्हटलं, वेळ नाही. आणि वर, मोठ्या आचेवर सगळं पाणी उडून जाईल, असं शास्त्र त्यांना ऐकवलं.

आता मी तुकडे स्वच्छ फडक्यानं टिपून कोरडे करते. वेळ असला तर मीठ लावून, न झाकता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. आधी मीठ पाणी बाहेर ओढतं, मग ते पाणी पुन्हा आत जिरतं आणि वरची बाजू सुकते. वेळ नसला तर मीठ तव्यात टाकायच्या क्षणी. या दोन्हींच्या मधली वेळ वाईट, कारण तेव्हा पाणी बाहेर येऊन अंगावर साचलेलं असतं. तवा बिडाचा असेल तर तो मध्यम आचेवर निवांत तापवावा लागतो. बिडात उष्णता हळू पसरते, पण एकदा जाड तवा तापला की गार तुकडा पडला तरी तो लवकर हार मानत नाही. थेंबभर पाणी टाकून पाहावं. ते पसरून लगेच आटलं तर अजून थांबावं. त्याची गोळी होऊन तव्यावर पळायला लागली की तवा तयार, कारण थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होऊन तो त्या थरावर तरंगतो. लाइडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरनं १७५६ मध्ये या थेंबाबद्दल लिहिलं होतं. माझी आजी घावन घालायच्या आधी बिड्यावर तेच करून पाहायची.

मग तेल, आणि तुकडे सुटे सुटे. आता हात लावायचा नाही. माझ्यासाठी हे सगळ्यात अवघड होतं आणि वर्गातल्या प्रत्येकीसाठी असतं. पहिल्यांदा तुकडा तव्याला घट्ट धरतो. उलथनं घातलं तर वरचा पापुद्रा तव्यावर राहतो आणि फाटलेलं मांस हाताला लागतं. थांबलं तर कडेनं तपकिरी रेघ दिसू लागते, आवाज जाड होता तो बारीक आणि कोरडा होतो, वासात कच्चेपणा जाऊन भाजक्या दाण्यांची छटा येते. तेव्हा तुकडा चिमट्यानं हलकेच ओढला की आपसूक सुटतो. सुटत नसेल तर झालेला नाही. ही खूण मी कुठल्याही घड्याळापेक्षा जास्त मानते.

इथे माझ्या टिपणांतला शब्दही आड आला. इंग्रजी पाककृतींतल्या 'सिअर'साठी मी सगळीकडे 'परतून घ्या' असं लिहिलं होतं. आपल्याकडे परतणं म्हणजे उलथनं चालूच ठेवणं. कांदा परततात, पोहे परततात. मुलींनी माझं ऐकलं आणि मटण इमानदारीनं परतत राहिल्या. एकही बाजू तव्यावर टिकली नाही, आणि मी त्यांनाच म्हणत होते की तुम्हाला रंग आणता येत नाही. आता मी लिहिते, 'तुकडे ठेवा, हलवू नका, खालून खरपूस डाग धरू द्या, मग उलटा.' पोळीला डाग पडू द्यायचे असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे हे लगेच कळतं.

माशांच्या बाबतीत तर मला सबबच नव्हती. माझं माहेर रत्नागिरीचं. सुरमईच्या तुकड्यांना मीठ, हळद, आगळ लावून ठेवायचं, सुटलेलं पाणी टाकून द्यायचं, मसाला पातळ चोळायचा, तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवायचं, हे मी डोळ्यांनी पाहत मोठी झाले. हॉटेलातून शिकून आल्यावर मी मसाला जाड थापू लागले आणि तवा धूर येईपर्यंत तापवू लागले, कारण मोठी आच म्हणजे चांगली आच असं डोक्यात बसलं होतं. मिरची-लसणाचा जाड थर काळा पडून कडू झाला आणि काट्याशी मासा कच्चा राहिला. तिखट आणि लसूण माशाच्या कितीतरी आधी करपतात. रव्याचं काम काय हेही मला उशिरा कळलं. ओल्या माशाच्या आणि तापल्या तव्याच्या मध्ये तो कोरडा थर उभा करतो आणि रंग त्या थरावर येतो. आई ओले बोंबील चिरून वजनाखाली दाबून ठेवायची. बोंबलात पाणी फार, ते काढल्याशिवाय तो कुरकुरीत होऊच शकत नाही. फ्रेंच पुस्तकात 'मांस टिपून कोरडं करा' असं वाचलं तेव्हा मला ते नवं वाटलं होतं. घरातला वरवंट्याखालचा बोंबील मला तेव्हा आठवला नाही, याचं वाईट वाटतं.

एक चूक धोक्याची होती, म्हणून तीही सांगते. काही काळ मी वर्गात नॉनस्टिकचा रिकामा तवा कडकडीत तापवून दाखवत असे. त्या लेपाचं काम साधारण २६० अंशांपर्यंतचं. त्यापुढे तो बिघडायला लागतो, आणखी तापला तर त्यातून निघणारा धूर माणसाला बाधतो आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या जिवावर उठतो. मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. हे कळल्यावर मी जुन्या विद्यार्थिनींना एकेकीला फोन केले. काहींचे नंबर बदलले होते.

खिम्याच्या कटलेटचंही तसंच. वरून सुंदर तांबूस झालं म्हणजे झालं, असं मी धरून चालले होते, आणि एकदा पाहुण्यांच्या ताटात कटलेट फोडल्यावर आत गुलाबी, कच्चं निघालं. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात, ते भाजताना मरतात. खिमा करताना बाहेरचं सगळं आत मिसळतं, म्हणून तो मध्यापर्यंत पूर्ण शिजलाच पाहिजे. कोंबडीचं मांसही आतून ७४ अंशांपर्यंत जायला हवं. रंग हा चवीचा पुरावा असतो, शिजल्याचा नव्हे. ते कटलेट मी ताटातून उचलून पुन्हा तव्यावर टाकले. कोणी आजारी पडलं नाही, हे नशीब.

आता पांढऱ्या रश्शाबद्दल. बाकीच्या चुका हाताच्या होत्या, ही माझ्या समजुतीची होती.

वर्गात कोल्हापुरी जेवणाचा एक दिवस ठेवला होता: सुकं, तांबडा, पांढरा. तोवर मला खरपूस डाग धरायला चांगलं जमत होतं आणि मी ते प्रत्येक पदार्थात घालत होते. मटण कोरडं केलं, बिडाच्या तव्यावर थोडे थोडे तुकडे ठेवून सुरेख लाल केले. मावशी मसाला वाटत होत्या. त्या उठून आल्या आणि म्हणाल्या, "ताई, पांढऱ्याला असं भाजू नगा. रंग धरतंय." मी म्हटलं, "मावशी, चव बघा तुम्ही मग." त्यांनी पुन्हा काही म्हटलं नाही.

पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यावर उभा असतो. मटण शिजवलेलं हे पाणी, त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, पांढऱ्या तिळांचं वाटण, आलं-लसूण, मिरी, वेलची, दालचिनी. त्याचा सगळा डौल त्याच्या स्वच्छ रंगात आणि सौम्य, गोडसर, तुपाच्या वासात असतो. माझं भाजलेलं मटण शिजल्यावर पाणी तपकिरी झालं. नारळाचं दूध घातल्यावर रस्सा दुधाच्या चहासारखा दिसायला लागला. मी घाबरून आणखी दूध घातलं, उकळी जोरात आली आणि ते फुटलं. पण रंगापेक्षाही मोठी चूक चवीत होती. भाजक्या मांसाचा जोरकस वास वेलचीच्या आणि नारळाच्या वर बसला होता. तो पांढरा राहिला नव्हताच, पण तांबडाही झाला नव्हता. वर्गात एक मुलगी कोल्हापूरचीच होती. तिनं वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि नम्रपणे म्हणाली, "आमच्याकडं जरा वेगळा असतो."

त्या दिवशी मी मावशींना पहिल्यांदा नीट विचारलं, की तुमच्याकडे मटण कसं करतात. त्यांनी सांगितलं तेव्हा मी वही काढली. पातेल्यात थोडं तेल किंवा तूप, थोडा कांदा, आलं-लसूण, त्यात मटण, मीठ. तांबड्याला आणि सुक्याला हळद, पांढऱ्याला नाही. वर खोलगट झाकण, झाकणात पाणी. मंद आच. मटण अंगच्याच पाण्यात शिजायला लागतं. झाकणातलं पाणी गार असतं म्हणून वाफ तिथे निवते आणि पुन्हा खाली पडते. तेच पाणी गरम झालं की थोडं थोडं आत घालायचं. मी ज्या सुटलेल्या पाण्याला चूक मानत होते, ते या पद्धतीत मुद्दाम सोडवून घेतात. त्या पाण्यातून अळणी निघतं, अळणीतून पांढरा आणि तांबडा. मांडीचं, खांद्याचं मटण असंही मऊ व्हायला वेळच मागतं. त्यातले चिवट तंतू ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून मऊ होतात आणि रश्शाला दाटपणा येतो. तव्यावरची आच त्यात काहीच मदत करत नाही.

"मग खमंगपणा कुठून येतो?" मी विचारलं.

"वाटणातनं," मावशी म्हणाल्या. जणू मी चूल कुठे आहे असं विचारलं होतं.

इतकी वर्षं मी वाटणाला मसाल्याच्या खात्यात टाकत होते. भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, खडा मसाला. मटणाला तव्यावर जो खरपूसपणा द्यायला मी धडपडत होते, तो आपल्या स्वयंपाकानं वाटणात ठेवला आहे. तीच रसायनं, तोच रंग, पण मांसाऐवजी कांद्या-खोबऱ्यावर. मालवणी मटणातही तेच, खानदेशातल्या काळ्या मसाल्यातही तेच. विस्तवात कांदा आणि खोबऱ्याची वाटी काळी होईपर्यंत भाजणाऱ्या घरांत तर हे काम किती पुढे नेलेलं असतं. मटण मवाळ शिजू द्यायचं आणि भाजकेपणा वेगळा तयार करून, हवा तेवढा, हव्या त्या रश्शात घालायचा. म्हणून एकाच पातेल्यातल्या मटणातून एक रस्सा पांढरा निघू शकतो आणि एक तांबडा. मला हे फार हुशारीचं वाटतं. या पद्धतीला मी वर्गात 'आपल्याकडे मांस नीट भाजत नाहीत' असं म्हटलं होतं. ते शब्द परत घ्यायला मला काहीही लाज वाटत नाही. बोलले होते याची वाटते.

वाटण नीट बघायला लागल्यावर माझ्या टिपणांतली आणखी एक खोटी ओळ उघडी पडली. 'कांदा लालसर होईपर्यंत ५ मिनिटे परता.' कांद्यात जवळपास ९० टक्के पाणी. चार मोठे कांदे पाच मिनिटांत लाल होत नाहीत, कुणाच्याच गॅसवर होत नाहीत. मध्यम आचेवर अर्धा तास सहज जातो. मुली पाच मिनिटांनी कांदा काढत, रश्शाला उग्र गोडसर वास येई, आणि त्या मला विचारत की मसाला कमी पडला का. मी हो म्हणून मसाला वाढवायला सांगत असे. सोडा चिमूटभर टाकला तर कांदा लवकर तांबूस होतो हे खरं, कारण क्षारानं मायार अभिक्रियेला वेग येतो, पण कांद्याचा लगदा होतो आणि चव साबणासारखी व्हायला वेळ लागत नाही. मी तो मार्ग सोडला.

खोबऱ्याची चूक याच्या उलट, आच कमी पडण्याची नव्हे तर उरण्याची. सुक्या खोबऱ्यात पाणी अगदी थोडं आणि तेल भरपूर, त्यामुळे ते कांद्यासारखं थांबायला लावत नाही. हलकं बदामी झालं की मी गॅस बंद करून दुसऱ्या कामाला जायची. लोखंडी कढई तापलेलीच असे आणि खोबरं तिच्यात भाजत राही. परत यावं तो गडद तपकिरी, आणि वाटल्यावर रश्शाला कडवट झाक. त्या कडवटपणावर मी गूळ घालत असे. मावशी रंग यायला लागला न लागला तोच खोबरं ताटात पसरून काढतात. ताटात ते आणखी एक छटा गडद होतं आणि तिथे थांबतं. मी त्यांना विचारलं की कधी काढायचं ते ओळखता कसं. त्यांनी मला कढईजवळ उभं केलं आणि वास घ्यायला सांगितलं. आधी लाडवाच्या खोबऱ्याचा गोड वास येतो. मग तो गोडवा थोडा मागे हटून दाण्यासारखा वास पुढे येतो, तेव्हाच काढायचं. नाकाला धुराची सूक्ष्म टोचणी लागली की उशीर झाला.

कढईच्या बुडाला लागलेलं मी धुऊन टाकत असे. हॉटेलात त्या थराला फ्रेंच नाव होतं, त्यात वाइन घालून तो सोडवून सॉस करत. घरी मात्र 'खाली लागलं' हे शब्द मला नापासाचे वाटत. करपून काळं झालेलं टाकायलाच हवं. पण तपकिरी, चिकट थर असेल तर त्यात अळणीचा एक डाव घालून उलथन्यानं खरवडलं की तांबड्याला जी चव येते ती चमचाभर मसाल्यानं येत नाही. दुधाची खरवड मागून खाणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे कोणी समजावायला नको होतं.

म्हणजे मटण तव्यावर भाजूच नये का? भाजावं. सुकं करायचं असेल, चॉप्स असतील, पाश्चात्त्य धाटणीचा स्टू असेल जिथे वाटण नाही आणि सगळा भार मांसावरच आहे, तिथे खरपूस डाग हवेच. पनीरला हवेत, अळंब्यांना तर फारच हवेत. वर्गात मी आता पदार्थ शिकवायला घेतला की आधी विचारते, यातला भाजकेपणा कुठे आहे? मुली शोधतात. भरताच्या वांग्यात तो सालीत आहे आणि धुरात आहे. पिठल्यात फोडणीच्या लसणात आहे. पांढऱ्या रश्शात तो मुद्दाम ठेवलेला नाही. हे कळल्याशिवाय तवा तापवायला मी कुणाला परवानगी देत नाही.

जुनी टिपणं मी रद्द केली आणि नवी काढली. पहिल्या पानावर आधीच्या टिपणांतली चुकीची वाक्यं आणि त्यांच्यासमोर दुरुस्त्या छापल्या आहेत, म्हणजे जिच्याकडे जुनी प्रत असेल तिला ताडून पाहता यावं. काहींनी रागानं विचारलं की मग इतके दिवस आमच्याकडून फी कसली घेतली. प्रश्न रास्त होता. त्यांना मी दुरुस्त केलेले वर्ग फी न घेता पुन्हा करायला बोलावलं. काही आल्या, काही आल्या नाहीत.

कोल्हापुरी जेवणाचा दिवस आता मावशी शिकवतात. सुरुवातीला त्या माझ्याकडे बघून बोलायच्या, आता वर्गाकडे बघून बोलतात, आणि मुलींनी झाकणातलं पाणी घालायची घाई केली तर रागावतातही. त्या दिवसाच्या फीमधला त्यांचा वाटा वेगळा असतो. ज्या दिवशी त्यांनी मला मटण निथळू द्यायला सांगितलं होतं, त्या दिवसापासून तो द्यायला हवा होता.